मणक्यातलं दुर्मिळ बॅक्टेरियल इन्फेक्शन: तपासण्या आणि उपचारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मणक्याच्या इन्फेक्शनबद्दल जे मेसेज येतात त्यात बहुतेकांना "कुठलं औषध घेऊ" हे विचारायचं असतं, पण "जंतू कुठला सापडला" असं उलट विचारलं की समजतं की ते त्यांना कोणी सांगितलेलंच नाही, कारण शोधलेलाच नाही. टीबी आणि स्टॅफिलोकॉकस हे नेहमीचे दोन, त्यांच्यावर भरपूर माहिती मिळते. इथे जास्त भर त्यांच्या पलीकडच्या जंतूंवर आहे. तिथे नाव न कळता सुरू केलेलं औषध खूप महाग पडतं, हे मला कळकळीने सांगायचंय. प्रश्न लोकांचेच आहेत, सारखे वाटले ते एकत्र केलेत. वाचून स्वतःचं औषध सुरू किंवा बंद करू नका, प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे जा.

१. मणक्यात इन्फेक्शन म्हणजे नक्की कुठे होतं? जंतू तिथपर्यंत पोचतो कसा?

बहुतेक वेळा रक्तातून. लघवीचं इन्फेक्शन, दाताचं गळू, त्वचेवरची जखम, हृदयाच्या झडपेवरचं इन्फेक्शन, सलाईनची जुनी नळी, कुठूनही जंतू रक्तात येतो आणि मणक्याच्या वरच्या-खालच्या कडेजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतो. मोठ्या माणसाच्या दोन मणक्यांमधल्या गादीला, म्हणजे डिस्कला, स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतोच, त्यामुळे हाडाच्या कडेपासून सुरुवात होऊन जंतू डिस्कमध्ये शिरतो आणि तिथून पलीकडच्या मणक्यात. म्हणूनच एमआरआयमध्ये दोन मणके आणि मधली डिस्क असं एकत्र बिघडलेलं दिसतं, त्याला रिपोर्टमध्ये स्पॉन्डिलोडिस्कायटिस लिहितात. दुसरा रस्ता म्हणजे थेट: मणक्याचं ऑपरेशन, पाठीत दिलेलं इंजेक्शन. तिसरा शेजारून, म्हणजे पोटातल्या किंवा छातीतल्या पू झालेल्या जागेतून.

२. "दुर्मिळ" म्हणजे कोणते जंतू? यादी मिळेल का?

पूर्ण यादी देऊन उपयोग नाही, पण नेहमी चुकतात ते असे: ब्रुसेला (प्रश्न ११), मातीतले बर्खोल्डेरिया आणि नोकार्डिया (प्रश्न १२), तोंडातले अ‍ॅक्टिनोमायसिस आणि पार्व्हिमोनास (प्रश्न १२ आणि १४), त्वचेवरचा कटीबॅक्टेरियम (प्रश्न १३), लहान मुलांतला किंगेला (प्रश्न १५), मांजरीच्या ओरखड्यातून येणारा बार्टोनेला, सिकल सेल असलेल्यांत साल्मोनेला, क्यू फीव्हरचा कॉक्सिएला (प्रश्न २१). यातले काही जगभरात दुर्मिळ आहेत, काही दुर्मिळ नाहीतच, फक्त शोधले जात नाहीत. लॅबमध्ये हळू वाढतात, किंवा जंतू वाढवायच्या नेहमीच्या प्लेटवर वाढतच नाहीत, किंवा वाढतात आणि त्यांना भलतंच नाव मिळतं.

३. आईची कंबर दोन महिने दुखतेय पण ताप अजिबात नाही. मग इन्फेक्शन नाही ना?

असं म्हणता येत नाही. मणक्याच्या इन्फेक्शनमध्ये ढोबळमानाने अर्ध्या पेशंटना ताप नसतो, आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल चालू असेल तर असलेला तापही दिसत नाही. बघायचं ते दुखण्याचं वागणं. साधी कंबरदुखी आडवं झाल्यावर कमी होते, इन्फेक्शनचं दुखणं रात्री कुशी बदलताना उठवतं, आठवड्यागणिक वाढत जातं आणि पाठीवर त्या एका मणक्यावर हलकं ठोकलं तरी माणूस कळवळतो. सोबत भूक गेलेली, वजन उतरलेलं, रात्रीचा घाम, डायबेटीस, डायलिसिस, स्टेरॉइडच्या गोळ्या, नुकतंच झालेलं कुठलंही इन्फेक्शन किंवा प्रोसीजर यातलं काही असेल तर थांबू नका. या आजारात निदानालाच कित्येक आठवडे, कधी महिने जातात, आणि त्याचं मोठं कारण हेच की सुरुवातीला सगळ्यांना ती "नेहमीची कंबर" वाटते.

४. कुठलं लक्षण दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं?

पायात ताकद कमी वाटणं, चप्पल पायातून निसटणं, जिना चढताना गुडघा दुमडणं. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं. बसायच्या जागेवर, मांड्यांच्या आत बधिरपणा. मानेत इन्फेक्शन असेल तर हातातली पकड सुटणं. याचा अर्थ मज्जारज्जूवर किंवा नसांवर पू दाब देत असू शकतो, आणि इथे तास मोजायचे असतात, दिवस नाही, कारण ताकद पूर्ण गेल्यावर ऑपरेशन केलं तर ती परत येण्याची शक्यता खूप कमी होते. तसंच थंडी वाजून मोठा ताप, बीपी खाली, माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय, हे सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शनमुळे सगळं शरीरच कोलमडायला लागणं. या दोन परिस्थितींत "आधी जंतूचं नाव, मग औषध" हा नियम मोडायचा, ब्लड कल्चर (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) काढून लगेच अँटिबायोटिक सुरू करायचं.

५. एक्स-रे नॉर्मल आला तरी एमआरआय सांगितलाय. आणि एमआरआयमध्ये इन्फेक्शन लिहून आलं तर ते नक्की समजायचं का?

एक्स-रेमध्ये हाड बऱ्यापैकी झिजल्याशिवाय काही दिसत नाही, पहिले काही आठवडे तो नॉर्मलच असतो. एमआरआय हीच खरी तपासणी, ९० टक्क्यांहून जास्त वेळा पकडते, शक्यतो पूर्ण मणक्याचा करून घ्या कारण कधीकधी दोन वेगळ्या ठिकाणी इन्फेक्शन असतं आणि दुखत एकाच ठिकाणी असतं. अगदी सुरुवातीला एमआरआयही फसवतो. संशय पक्का असेल तर एक-दोन आठवड्यांनी परत करावा लागतो. जुना पेसमेकर वगैरे असल्याने एमआरआय शक्य नसेल तर पेट-सीटी चांगला पर्याय आहे.

आता उलटी बाजू. एमआरआय जंतूचं नाव सांगत नाही, आणि इन्फेक्शनसारखं दिसणारं सगळं इन्फेक्शन नसतं. झिजलेल्या डिस्कच्या बाजूची सूज, बरीच वर्षं डायलिसिस झालेल्यांचे मणके, अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसमधली मोडलेली जागा, गाऊट, हे सगळे हुबेहूब तसेच दिसू शकतात. कॅन्सर मणक्यात पसरला तर साधारणपणे डिस्क शाबूत राहते, हा एक धागा, पण टीबीतही डिस्क बराच काळ शाबूत राहू शकते. म्हणून पुढचे दोन प्रश्न वाचाच.

६. सीआरपी वाढलाय, ईएसआर ८० आहे. एवढ्यावर निदान होतं का?

नाही. हे आकडे "शरीरात कुठेतरी आग आहे" एवढंच सांगतात, संशय घ्यायला आणि पुढे उपचार लागू पडतायत का हे बघायला उपयोगी. काही संथ जंतूंमध्ये ते जवळपास नॉर्मलही असतात. खरी महत्त्वाची रक्ततपासणी म्हणजे ब्लड कल्चर, कमीत कमी दोन सेट, दोन वेगळ्या जागांवरून, आणि अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी. मोठ्या माणसाच्या एकेका बाटलीत ८ ते १० मिली रक्त जायला हवं, दोन-तीन मिली घातलं तर असलेला जंतूही सापडत नाही. साधारण अर्ध्या पेशंटमध्ये नाव इथेच मिळतं. मणक्याचं चित्र आणि रक्तात स्टॅफ ऑरियस असं जुळलं, किंवा ब्रुसेलाची रक्ततपासणी ठाम पॉझिटिव्ह आली, तर बायोप्सी टळू शकते.

७. बायोप्सीची भीती वाटते. सुई लागून पाय गेले तर? आणि करायचीच असेल तर काय लक्ष ठेवायचं?

सीटी स्कॅनवर बघत बघत, जागा बधिर करून सुई थेट बिघडलेल्या भागात घालतात. अनुभवी हातात गंभीर गुंतागुंत क्वचित होते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, ती किती दिवस आणि कशी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील.

लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीवर ठेवायचं. काढलेला तुकडा कुठल्या डबीत जातोय! अख्खा तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत गेला तर तो फक्त पॅथॉलॉजीच्या कामाचा, फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर होऊच शकत नाही. सुई काढल्यावर टेबलावर दोन वेगळ्या डब्या असायला हव्यात, एकीत फॉर्मॅलिन, दुसरी निर्जंतुक, त्यात फार तर थोडं सलाईन, आणि ही दुसरी रात्रभर कुठल्या ट्रेमध्ये न राहता लगेच मायक्रोबायोलॉजीला गेली पाहिजे. नेहमीचं कल्चर, ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंचं कल्चर, टीबीचं कल्चर आणि जीनएक्सपर्ट (टीबीचा जीन शोधणारी तपासणी), फंगसचं कल्चर, एवढं तरी फॉर्मवर लिहिलेलं असावं. थोडा तुकडा पीसीआरसाठी (जंतूचा जीन शोधायची तपासणी, प्रश्न ९) जपून ठेवता आला तर उत्तम. नातेवाईकांनी प्रोसीजरच्या आधी "सँपल कल्चरला पण जाणार ना?" एवढं विचारलं तरी खूप फरक पडतो, आणि विचारण्यात काही गैर नाही.

८. अँटिबायोटिक आधीच सुरू केलंय, दहा दिवस झाले. आता बायोप्सीचा उपयोग आहे का?

उपयोग आहे, पण सापडण्याची शक्यता घटलेली असते. पेशंट स्थिर असेल, प्रश्न ४ मधलं काही नसेल, तर डॉक्टर एक ते दोन आठवडे अँटिबायोटिक थांबवून मग सँपल घेतात. हा निर्णय त्यांच्याच देखरेखीखाली, स्वतःहून गोळ्या बंद करून नाही. लोकांना वाटतं दोन आठवडे विनाऔषध म्हणजे आजार पसरू देणं, पण चुकीच्या औषधावर तीन महिने काढण्यापेक्षा हे दोन आठवडे कितीतरी सुरक्षित.

९. सगळी कल्चर निगेटिव्ह आली. म्हणजे इन्फेक्शन नाही?

कल्चर निगेटिव्ह म्हणजे या पद्धतीने, एवढ्या दिवसांत काही वाढलं नाही, एवढंच. सुईच्या बायोप्सीत ढोबळमानाने अर्ध्याच वेळा जंतू सापडतो. यानंतरचं काम पायरीपायरीने चालतं. आधी लॅबला फोन: प्लेट्स किती दिवस ठेवल्या? पाच दिवसांनी फेकल्या असतील तर कटीबॅक्टेरियम, नोकार्डिया निसटलेच. मग पॅथॉलॉजीचा रिपोर्ट नीट वाचायचा, पू दिसतोय का ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींच्या बारीक गाठी) का पिवळे कण. मग हिस्टरी परत घ्यायची, जनावरं, कच्चं दूध, माती, मांजर, दात, प्रवास, जुनी ऑपरेशनं. त्यानुसार ब्रुसेला, बार्टोनेला, कॉक्सिएलाच्या रक्तातल्या अँटिबॉडी. मग दुसरी बायोप्सी, सुईने किंवा उघडून.

आणि १६एस पीसीआर. सगळ्या बॅक्टेरियात असलेला एक जीन शोधून त्याच्या अक्षरांवरून नाव लावतात, जंतू मेलेला असला तरी चालतं, म्हणून अँटिबायोटिक घेतलेल्यांत हा फार कामाचा. मर्यादाही आहेत. कुठलं औषध लागू पडेल ते यातून कळत नाही, आणि त्वचेवरचा एखादा जंतू सँपलमध्ये मिसळला तर त्याचंही नाव येतं, म्हणून रिपोर्ट पेशंटच्या चित्राशी जुळवूनच वाचायचा.

१०. "टीबीच असणार, कोर्स सुरू करून बघू" असं सांगितलंय. टीबीच्या औषधाने बरं वाटलं तर टीबीच होता ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर सगळ्यात जास्त लोकांना माहीत नसतं. बरं वाटलं म्हणजे टीबीच, असं नाही. टीबीच्या कोर्समधलं रिफॅम्पिसिन ब्रुसेलावर चालतं, स्टॅफवर चालतं, कटीबॅक्टेरियमवरही चालतं. टीबीवर कधीकधी दिलं जाणारं स्ट्रेप्टोमायसिन तर ब्रुसेलाचं नेहमीचं औषध. त्यामुळे ब्रुसेलाचा पेशंट टीबीच्या औषधावर थोडा सुधारतो, सगळे खूश होतात, आणि अर्धवट उपचारामुळे आजार पुन्हा उलटतो. तेव्हा मग "औषधाला दाद न देणारा टीबी" असं लेबल लागून अजून जड औषधं सुरू होतात.

उलटंही होतं. टीबी असताना साधं इन्फेक्शन समजून लेव्होफ्लॉक्सासिन दिलं तर टीबी तात्पुरता दबतो, कल्चरमध्ये सापडायला अजून अवघड होतो.

बायोप्सीतल्या ग्रॅन्युलोमावरूनही लगेच टीबी म्हणू नका, ब्रुसेलातही ग्रॅन्युलोमा होतात. "एएफबी पॉझिटिव्ह" (टीबीसारखे जंतू स्टेनने, म्हणजे रंगाने, लाल करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तपासणी) वरूनही नाही, कारण टीबी नसलेले मायकोबॅक्टेरिया त्या स्टेनमध्ये तसेच लाल दिसतात आणि नोकार्डियाही सौम्य पद्धतीच्या स्टेनमध्ये लाल होतो. जीनएक्सपर्ट पॉझिटिव्ह असेल तर गोष्ट पक्की, फक्त एक अपवाद प्रश्न २१ मध्ये आहे. निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाहीच असंही नाही. कधीकधी सगळे प्रयत्न करून हाती काही लागत नाही आणि अंदाजाने उपचार करावेच लागतात. ते मान्य आहे, पण आधी प्रयत्न व्हायला हवेत.

११. ब्रुसेला म्हणजे जनावरांचा आजार ना? माणसाच्या मणक्यात कसा?

शेळ्या-मेंढ्या, गाई-म्हशी, डुकरं यांच्यातून येतो. न उकळलेलं दूध, कच्च्या दुधाचं चीज, जनावराचं बाळंतपण करताना वार किंवा पाण्याशी आलेला हात, कत्तलखान्यातलं काम, लॅबमधलं काम. डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये माल्टातल्या सैनिकांत हा जंतू शोधला, तेव्हापासून हाडं आणि सांधे ही त्याची आवडती जागा आहे, आणि मोठ्या वयात कमरेचे खालचे मणके विशेष. येणारा-जाणारा ताप, भरपूर घाम, अंग मोडून येणं, सोबत कंबर. एमआरआयमध्ये मणक्याच्या पुढच्या-वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात दिसते आणि टीबीच्या मानाने मणक्याची बैठक बराच काळ टिकून राहते, पण चित्रावरून दोघांत खात्रीने फरक करायला जाऊ नये.

रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी सोपी आहे, साधारणपणे १:१६० किंवा त्यावरचा टायटर (अँटिबॉडी किती आहेत त्याचं माप) आणि जुळणारी लक्षणं असली की निदानाकडे झुकतं. कल्चर पाठवताना लॅबच्या फॉर्मवर "ब्रुसेलाचा संशय" असं मोठ्या अक्षरात लिहायलाच हवं, कारण हा जंतू हवेतून लॅबमधल्या माणसांना लागतो. तिथल्या टेक्निशियनच्या तब्येतीचाही प्रश्न आहे.

उपचारात डॉक्सिसायक्लिन निदान ३ महिने, त्यासोबत सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिन किंवा साधारण एक-दोन आठवडे जेंटामायसिन, किंवा मग पूर्ण काळ रिफॅम्पिसिन. एकट्या औषधावर कधीच नाही, आणि सहा आठवड्यांत बरं वाटलं म्हणून बंद केलं तर परत येतो.

१२. शेतात, मातीत काम आहे आणि डायबेटीस आहे. रिपोर्टमध्ये "स्यूडोमोनास प्रजाती" लिहिलंय, औषध चालत नाहीये. काय असेल?

बर्खोल्डेरिया स्यूडोमलाय, म्हणजे मेलिऑइडोसिस, याचा विचार व्हायला हवा. दक्षिण आणि आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया इथल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो, पावसाळ्यात जास्त, आणि डायबेटीस असलेल्यांना सगळ्यात जास्त गाठतो. लॅबमध्ये त्याला स्यूडोमोनास समजून सोडून देणं किंवा बाहेरची भेसळ समजून फेकणं सर्रास होतं. एक खूण सांगतो जी मायक्रोबायोलॉजिस्टला दाखवता येईल: सेन्सिटिव्हिटीत (जंतूवर कुठलं औषध चालतं ते बघायच्या तपासणीत) जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्ही चालत नाहीत पण को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्ह चालतंय असा उलटा नमुना दिसला तर तो स्यूडोमोनास नसण्याची शक्यता मोठी. पोटाचा स्कॅनही करा, लिव्हर, प्लीहा, प्रोस्टेटमध्ये पू लपलेला असतो. हाडातल्या आजाराला सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून निदान ६ आठवडे आणि त्यानंतर को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या ६ महिने. दुसरा टप्पा सोडला की आजार उलटतो, आणि उलटला की जीवावर बेततं.

मातीतलाच दुसरा नोकार्डिया, स्टेरॉइड घेणाऱ्यांत आणि ट्रान्सप्लांट झालेल्यांत. प्लेट दोन-तीन आठवडे ठेवावी लागते. हा सापडला की डोकं दुखत नसलं तरी मेंदूचा एमआरआय करायचा, तिथे गुपचूप बसलेला असतो. औषध ६ ते १२ महिने, बहुतेकदा को-ट्रायमॉक्साझोल पाया धरून.

अ‍ॅक्टिनोमायसिस मातीतला नाही, आपल्याच तोंडातला, पण इथेच सांगतो कारण वागणूक तशीच संथ. एका थरातून दुसऱ्यात घुसत जातो, गाठ होते, सगळ्यांना कॅन्सर वाटतो. पुवात पिवळे कण दिसतात. पेनिसिलिन आधी शिरेतून काही आठवडे, मग गोळ्यांनी ६ ते १२ महिने.

१३. मणक्यात स्क्रू-रॉड आहेत. दोन वर्षांनी दुखायला लागलं, सीआरपी नॉर्मल, कल्चरमध्ये "कटीबॅक्टेरियम, भेसळ असावी" असं आलं. दुर्लक्ष करायचं का?

लगेच दुर्लक्ष नको. हा जंतू सगळ्यांच्या त्वचेवर असतो म्हणून तो खरंच बऱ्याचदा भेसळ असतो, पण धातूवर चिकट थर करून वर्षानुवर्षं शांत बसणं हेही त्याचंच काम, आणि ताप नाही, सीआरपी नॉर्मल, फक्त दुखणं आणि सैल झालेला स्क्रू असंच चित्र असतं. फरक संख्येने कळतो. ऑपरेशनमध्ये वेगवेगळ्या जागांचे चार-पाच तुकडे, प्रत्येकाला नवीन हत्यार, आणि कल्चर १४ दिवस. दोन किंवा जास्त तुकड्यांत तोच सापडला तर खरा धरायचा. मणका जुळून आला असेल तर इम्प्लांट काढणं किंवा बदलणं हाच चांगला रस्ता. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतलं इन्फेक्शन वेगळं, तिथे जागा धुऊन इम्प्लांट ठेवता येतं.

१४. इन्फेक्शन कमरेत आणि डॉक्टर कोलोनोस्कोपी, दातांची तपासणी, हृदयाचा इको सांगतायत. खर्च वाढवायला का?

नाही, नावावरून उगम शोधतायत. रक्तात स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलायटिकस सापडला, जुनं नाव बोव्हिस, तर मोठ्या आतड्यात गाठ किंवा कॅन्सर असण्याचा संबंध पक्का माहीत आहे, तिथे कोलोनोस्कोपी टाळूच नका, कंबरदुखीमुळे आतड्याचा कॅन्सर लवकर सापडलेले लोक आहेत. हाच जंतू, एन्टेरोकॉकस आणि तोंडातले बरेच स्ट्रेप्टोकॉकस हृदयाच्या झडपेवरही बसतात, म्हणून इको, गरज पडली तर अन्ननलिकेतून केलेला. पार्व्हिमोनास, फ्यूजोबॅक्टेरियम आले तर किडलेला दात किंवा हिरडी बघायची, नाहीतर मणका बरा होईल आणि उगम तसाच राहील.

१५. दीड वर्षाचं बाळ अचानक चालेना, बसवलं की रडतं. ताप फार नाही. मणक्याचं असू शकतं?

हो, आणि या वयात अगदी हेच चित्र असतं, बाळ "पाठ दुखते" असं सांगू शकत नाही. साधारण ६ महिने ते ४ वर्षं या वयात किंगेला किंगी हा मोठा संशयित, घशात राहतो, सर्दी-खोकल्यानंतर रक्तात उतरतो. साध्या प्लेटवर क्वचित वाढतो, सँपल ब्लड कल्चरच्या बाटलीत घातलं किंवा पीसीआर केला तर सापडतो. नेहमीच्या बीटा-लॅक्टम, म्हणजे पेनिसिलिनच्या जातीच्या, औषधांना छान ऐकतो, क्लिंडामायसिन आणि व्हॅन्कोमायसिनला मात्र सहसा नाही, त्यामुळे ती एकटी चालू असतील आणि बाळ सुधारत नसेल तर हा मुद्दा डॉक्टरांसमोर काढा. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात.

१६. औषध किती दिवस? सगळे दिवस सलाईनमधूनच का?

नेहमीच्या जंतूंना ६ आठवडे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या ३५१ पेशंटच्या अभ्यासात ६ आठवडे आणि १२ आठवडे सारखेच ठरले. पण पू न काढता राहिलेला असेल, इम्प्लांट असेल किंवा जंतू ११, १२, २१ मधला असेल तर हा आकडा लागू नाही. गोळ्यांबद्दल, ब्रिटनमधल्या ओव्हिवा या १०५४ पेशंटच्या अभ्यासात, २०१९ सालच्या, हाडा-सांध्यांच्या इन्फेक्शनमध्ये पहिल्या ६ आठवड्यांत गोळ्या सलाईनपेक्षा कमी पडल्या नाहीत. अट एवढीच की जंतूचं नाव आणि सेन्सिटिव्हिटी हातात हवी, गोळी हाडापर्यंत पोचणारी हवी आणि पेशंट ती न चुकता घेणारा हवा.

१७. एवढी औषधं इतके महिने, शरीराचं काय?

औषधानुसार वेगळं. लिनेझोलिड दोन आठवड्यांपुढे गेलं की दर आठवड्याला रक्त तपासा, प्लेटलेट्स उतरतात, आणि महिने चाललं तर तळपायाला मुंग्या किंवा नजर अंधुक होऊ शकते, ते लगेच सांगायचं. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्यासोबत, घेतल्यावर आडवं व्हायचं नाही, दूध-कॅल्शियम-लोहाच्या गोळीपासून लांब, आणि उन्हात त्वचा भाजते. गरोदरपणी ते टाळतात, दिवस गेले असतील तर आधीच सांगा. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करायच्या औषधाचा परिणाम ते कमी करतं. को-ट्रायमॉक्साझोलमध्ये पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघत राहायचं, अंगावर पुरळ आलं की फोन. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन: किडनी आणि कान. कानात आवाज येऊ लागला, चक्कर आली तर पुढचा डोस घेण्याआधी विचारा.

१८. ऑपरेशन कधी लागतं? इन्फेक्शन असताना धातू घालतात?

बहुतेकांना लागत नाही. लागतं ते ताकद जात असेल, मणका कोसळून वाकत असेल, मोठा पू सुईने निघत नसेल, किंवा योग्य औषधावरही आजार वाढत असेल तेव्हा. धातूबद्दल सगळे दचकतात, पण खराब भाग नीट साफ करून टायटॅनियम बसवलं आणि योग्य अँटिबायोटिक दिलं तर चालतं, उलट हलणारा मणका स्थिर झाल्याने बरं व्हायला मदत होते. ऑपरेशनमध्ये निघालेला प्रत्येक तुकडा प्रश्न ७ प्रमाणे कल्चरला गेला पाहिजे, ही संधी परत मिळत नाही.

१९. सहा आठवड्यांनी एमआरआय परत केला, रिपोर्टमध्ये "वाढलेलं" लिहिलंय, पण बाबा चालायला लागलेत. काय खरं मानायचं?

बाबांना. एमआरआयमधलं हाड बऱ्याच मागून सुधारतं, पेशंट बरा होत असताना चार-सहा आठवड्यांनी ते जास्त बिघडलेलं दिसू शकतं, आणि म्हणूनच सुधारणाऱ्या पेशंटचा एमआरआय उगाच परत करू नये असं म्हणतात. बघायचं ते दुखणं, हालचाल, भूक, आणि साधारण चार आठवड्यांनी सीआरपी. सीआरपी लवकर उतरतो, ईएसआर रेंगाळतो. दुखणं वाढतंय आणि सीआरपी पण उतरत नाहीये तेव्हा मात्र एमआरआय हवाच, आणि त्यात हाडापेक्षा आजूबाजूचा पू वाढलाय का ते बघायचं.

२०. घरातल्यांना लागेल का? झोपून राहायचं का?

मणक्यातलं इन्फेक्शन एकत्र राहण्याने, जेवण्याने लागत नाही. ब्रुसेलाही माणसाकडून माणसाला सहसा नाही, पण घरातल्या सगळ्यांनी तेच दूध प्यायलं असेल तर सगळ्यांची तपासणी करा. झोपून राहणं फक्त मणका अस्थिर असेल किंवा दुखणं असह्य असेल तेव्हाच, बाकी पट्टा लावून जितकं लवकर उठता येईल तितकं बरं.

२१. वडिलांना मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजी दिलं होतं, आता मणक्यात जीनएक्सपर्ट पॉझिटिव्ह आलाय. आणि काकांच्या महाधमनीत ग्राफ्ट आहे, त्यांचीही कंबर दुखतेय. हे काही वेगळं असतं का?

दोन्ही वेगळे, आणि दोन्हीकडे जुनी गोष्ट डॉक्टरांना स्वतःहून सांगावी लागते.

मूत्राशयात सोडलेलं बीसीजी हा टीबीच्या लसीतला जिवंत जंतू असतो, क्वचित तो रक्तातून मणक्यात जाऊन महिन्यांनी, कधी वर्षांनी त्रास देतो. नेहमीच्या जीनएक्सपर्टला तो आणि टीबी वेगळे ओळखता येत नाहीत. फरक उपचारात पडतो, बीसीजीचा जंतू पायराझिनामाइडला जन्मतःच दाद देत नाही, त्यामुळे नेहमीचा टीबी कोर्स जसाच्या तसा द्यायचा नसतो.

ग्राफ्ट किंवा महाधमनीचा फुगा असलेल्यांत कॉक्सिएला, म्हणजे क्यू फीव्हर, धमनीच्या भिंतीत घर करतो आणि तिथून मागच्या कमरेच्या मणक्यात उतरतो. जनावरांचा संबंध विचारायचा, पण तो नेहमी सापडेलच असं नाही. साध्या कल्चरमध्ये कधीच वाढत नाही, रक्तातल्या फेज वन अँटिबॉडी आणि पीसीआरवर निदान. डॉक्सिसायक्लिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बहुतेकदा दीड वर्ष किंवा जास्त, त्यात डोळे आणि ईसीजी तपासत राहायचं, आणि बऱ्याच जणांना धमनीचं ऑपरेशनही लागतं. अशा पेशंटच्या मणक्यात सुई घालण्याआधी सीटी अँजिओग्राफी करून घ्या, मणक्याला चिकटलेला पू वाटतो तो कधीकधी धमनीचा गळणारा फुगा असतो.